डाव्या बाजूचा तेरडा

अमरावतीला राजापेठेतल्या आमच्या घराला बाग नाही, बोळ आहे. आमची भिंत आणि शेजारच्या ट्यूशन क्लासची तीन मजली इमारत यांच्यामध्ये एक माणूस अंग चोरून जाईल एवढी जागा. वर क्लासवाल्यांनी काढलेला पत्रा, त्यामुळे पाऊस नाही. समोर त्यांची भिंत, त्यामुळे ऊन नाही. क्लासचे पोट्टे वरून चिप्सची रिकामी पाकिटं टाकायचे आणि मी खिडकीतून त्यांचा उद्धार करायची, एवढाच त्या बोळाचा उपयोग होता. आमच्या पुढच्या खोलीची मोठी, तीन पल्ल्यांची खिडकी त्या बोळात उघडते.

त्या बोळात मी फुलं लावणार आहे असं अकोल्याला मोठ्या बहिणीला फोनवर सांगितलं, तेव्हा तिनं मला ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "तुले झोप भेटून राहिली ना नीट?"

झोप भेटत नव्हती. पण फुलांचा झोपेशी काही संबंध नव्हता. त्यांचा संबंध माझ्या नवऱ्याशी होता.

आम्ही दोघंही एसटीतले. ते ड्रायव्हर, मी आगारात आरक्षणाच्या खिडकीवर. दोघंही निवृत्त झालो, पेन्शन सुरू झाली, आता जरा निवांत बसू म्हणेपर्यंत थंडी सरता सरता त्यांना लकवा मारला. डावी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा हात-पाय थोडे थोडे हलायला लागले होते, बोलणंही बऱ्यापैकी सुटं झालं होतं. मला वाटलं, चला, निभावलं.

कसलं निभावलं. पहिल्याच दिवशी जेवायला वाढलं. आपल्याकडे ताट वाढायची रीत ठरलेली: मीठ, लिंबू, ठेचा डावीकडे, भाजी-वरण उजवीकडे. त्यांनी भाजी खाल्ली, वरण खाल्लं, भाकरीचा उजवा अर्धा भाग खाल्ला आणि ताट सरकवून म्हणाले, "ठेचा संपला का घरातला?"

ठेचा ताटातच होता. अर्धी भाकरीही तिथंच होती. मी बोट दाखवलं, तर ते माझ्याकडे असे पाहायला लागले, जशी मीच त्यांची थट्टा करून राहिले. डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं. डोळे चांगले आहेत, दिसतं सगळं, पण मेंदू डाव्या बाजूची दखलच घेत नाही. ती बाजू आहे हेच त्यांना आठवत नाही. उभ्या जन्मात डाव्या आरशात पाहिल्याशिवाय ज्यांनी स्टॅंडवरून बस हलवली नाही, त्या माणसाला डावीकडे काही असतं हेच माहीत नव्हतं.

ठेच्याचं मी सोसलं असतं. पण मी त्यांच्या डावीकडे, बोळाच्या खिडकीशी बसले की मीसुद्धा नसायचे. खाटेला लागून, खांद्याशी बसलेली असायचे आणि ते दाराकडे पाहून हाका मारायचे, "कुठी गेली वं?"

"इथी हावो ना," मी म्हणायचे.

आवाज ऐकला की ते आणखी उजवीकडे वळायचे. मला तिकडे शोधायचे. मग कंटाळून म्हणायचे, "गेली वाटते बाजारात." इतकी वर्षं संसार केला, भांडलो, एका डब्यात जेवलो, आणि आता मी हाताच्या अंतरावर बसून बाजारात गेलेली. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. खोटं कशाला सांगू?

व्यायाम करून घ्यायला एक मुलगी स्कूटीवरून यायची. फिजिओथेरपिस्ट. वयानं माझ्या पुतणीएवढी, पण बोलणं ठाम. ती म्हणाली, "काकू, ताट फिरवून द्यायचं नाही. खाट फिरवायची नाही. तुम्ही उजवीकडून बोलायचं नाही. डाव्याच बाजूला बसायचं. आणि त्या बाजूला असं काहीतरी ठेवा की त्यांना पाहावंसं वाटेल. टीव्ही ठेवून पाहा."

टीव्ही ठेवला. ते उजवीकडच्या भिंतीकडे तोंड करून बातम्या नुसत्या ऐकायचे.

"किती दिवस चालेल हे?" मी तिला दाराशी विचारलं.

"सुरुवातीचे महिने महत्त्वाचे असतात, काकू. नंतर सवय होऊन जाते."

"कोणाले?"

"काकांना," ती म्हणाली. चप्पल घालता घालता पुढं म्हणाली, "आणि तुम्हालाही."

मला तिचा राग आला नाही. त्या सवयीचा राग आला. मी ठरवलं, ही सवय मी ना त्यांना होऊ देणार, ना मला.

बहीण अकोल्याहून पाहायला आली. तिनं एक जेवण पाहिलं, एकदा त्यांची हाक ऐकली आणि मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "खाट फिरव. खिडकी उजवीकडं येईल. ताटही फिरवून देत जाय. तू उजवीकडं बस, त्याईले दिसत राहाशीन. या वयात कायले जीव आटवून राहिली? सुखानं राहा दोघंही."

ती माझ्या मायेपोटीच बोलत होती, आणि तिचं म्हणणं सोपंही होतं. खाट फिरवायला आम्ही दोघी पुरेशा होतो. पण एकदा ती खाट फिरवली असती, तर अर्धं जग त्यांना कायमचं बंद झालं असतं आणि कडी मी लावलेली असती. मी म्हटलं, "नाई फिरवत."

"मंग काय करशीन?"

"त्या खिडकीत फुलं लावीन. लाल, गुलाबी, भडक. पाहाच लागलं पाहिजे त्याईले."

"त्या अंधाऱ्या बोयात? तिथं गवत उगवत नाई." पण ती झाडांची वेडी. तिचंही डोकं चालायला लागलं. चहा होईपर्यंत तिनंच सांगितलं, "एक झाड आहे. सावलीतला तेरडा."

नर्सरीवाले त्याला इम्पेशन्स म्हणतात. तिच्या अकोल्याच्या घरामागच्या पडवीत, जिथं उन्हाची तिरीपसुद्धा येत नाही, तिथं त्याच्या कुंड्या होत्या. आपला पावसाळी तेरडा वेगळा, आमच्या शेजारणी गौरी-महालक्ष्म्यांना शोधत फिरतात तो. हा त्याचा सावलीतला भाऊ. पानं मऊ, देठ पाण्यानं भरलेले, काचेसारखे, आणि फुलं चपटी, पैशाएवढी. उन्हात ठेवलं की करपणार, सावलीत ठेवलं की फुलणार.

"लाव बापा," बहीण म्हणाली. "पण तेरड्याचा रंग तीन दिवस, अन तुया हौसेचा अडीच. पाहू."

मला कुणी 'पाहू' म्हटलं की मग मी मागे हटत नाही. आगारात साहेबांनाही हे माहीत होतं.

तिनं शेंड्याच्या फांद्या तोडून ओल्या फडक्यात गुंडाळून पेढ्याच्या डब्यातून दिल्या. मी त्या काचेच्या ग्लासांत पाणी घालून स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडल्या. खालची पानं काढून टाकायची, ती पाण्यात सडतात. थोड्याच दिवसांत देठांना पांढरी मुळं फुटली. मला इतका आनंद झाला की मी एक ग्लास त्यांना दाखवायला नेला. उजवीकडून नाही, डावीकडून. त्यांनी पाहिलं नाही. म्हटलं, मुळंच आहेत, फुलं येऊ दे.

पहिली चूक मातीची केली. वलगावला यांच्या भावाचं वावर आहे. तिथली काळीभोर माती पोत्यानं आणवली. म्हटलं, ज्या मातीत कपाशी येते, सोयाबीन येते, तिथं हे एवढंसं फूल काय अडून बसेल? ती माती कुंडीत भरली, पाणी दिलं, तर आधी चिखल झाली आणि मग वाळून अशी फाटली की भेगेत बोट जाईल. कोवळ्या मुळांना त्यात श्वास घेता येईना. बहिणीनं फोनवर ऐकून कपाळाला हात लावला असेल. "ते कपाशीची माती आहे बाई. तेरड्याले भुसभुशीत पाहिजे." मग मी त्यात वाळू मिसळली, कुजलेला पालापाचोळा मिसळला, गांडूळखत मिसळलं, कुंडीच्या बुडाशी विटांचे तुकडे टाकले. बोळात लोखंडी स्टॅंड बसवून घेतला, खिडकीच्या उंचीचा, खाटेच्या पायथ्यापासून उशीपर्यंत. त्यावर एका रांगेत कुंड्या मांडल्या. उशीजवळच्या शेवटच्या कुंडीसमोर, खोलीच्या आत, माझं स्टूल.

झाडं धरली. कळ्याही आल्या. आणि उन्हाळा पेटला.

अमरावती-अकोल्यात उन्हाळ्यात माणूस कूलरच्या जिवावर जगतो. आमचा कूलर दुसऱ्या लहान खिडकीत होता. त्यात नळाचं पाणी कोण घालणार? नळ एक दिवसाआड, तोही अर्धा तास. कूलरला क्लासवाल्यांच्या बोअरचं पाणी, पाइप लावून. आठवड्याला टाकी रिकामी करायची, वाळ्याच्या जाळ्या झटकायच्या, खालचं उरलेलं पाणी काढायचं. आता एवढं बादलीभर पाणी नालीत ओतायला वऱ्हाडातल्या बाईचा हात उचलतो का? मी ते पाणी कुंड्यांना घातलं. वर समाधानही वाटलं, पाहा, काही वाया गेलं नाही.

पानांच्या कडा तपकिरी झाल्या. मला वाटलं, गरमी. मी आणखी पाणी घातलं, तेच. पानं गळाली. देठ मऊ पडून आडवे झाले. मातीवर पांढरट साय धरली. मी रोज उठून पाहायची आणि रोज एक झाड कमी असायचं. भर मे महिन्यात सगळी रांग मेली.

"पानी कोणतं घातलं?" बहिणीनं विचारलं.

"कूलरचं."

ती हळूच म्हणाली, "कूलरमधलं पानी हवेत उडून जाते. खाली टाकीत काय उरते? मीठ. जायीवर पांढरा थर धरते, तो नाई दिसला का तुले?"

दिसला होता. मी तो थर दर आठवड्याला माझ्या या हातांनी खरवडत होते. चप्पल घालून, कंबर बांधून, त्या कूलरला शिव्या देत. आणि खाली उरलेलं खारट पाणी प्रेमानं नेऊन फुलांच्या मुळाशी ओतत होते. आमच्याकडच्या बाईनंच करावी अशी चूक.

त्या दिवशी मी बोळात जाऊन रिकाम्या कुंड्या आदळल्या. एक फुटली. आतून त्यांचा आवाज आला, "काय वाजून राहिलं?" आणि मी खिडकीतून पाहिलं, ते दाराकडे पाहून विचारत होते. मी पलीकडे, बोळात, त्यांच्या डाव्या हाताच्या खिडकीत उभी होते. मला त्या क्षणी त्यांचा राग आला. आजारी माणसाचा राग येतो, हे कुणी बोलून दाखवत नाही. मी दाखवते. मला वाटलं, एकदा तरी मान वळवा ना, एवढं काय अवघड आहे? आणि लगेच माझी मलाच लाज वाटली.

बहीण पुन्हा म्हणाली, "आता तरी खाट फिरव."

मी फोन ठेवला. मृग लागल्यावर एका सकाळी शेजारणीला यांच्याजवळ बसवलं आणि पहिली अकोला गाडी पकडली. कंडक्टर ओळखीचा निघाला. "मॅडम, इतक्या सकायी कुठी?" म्हटलं, "फांद्या आणाले." तो काही समजला नाही. बहिणीनं दार उघडलं आणि माझ्या हातातला रिकामा पेढ्याचा डबा पाहून सरळ कात्री आणायला गेली. दुपारच्या गाडीनं मी परत.

या खेपेला नियम केले. कूलरच्या पाण्याला हात लावायचा नाही. बोअरच्याही नाही. नळाचं पाणी भरायचं, एका झाकणाच्या पिंपात झाडांसाठी वेगळं ठेवायचं. सकाळी घालायचं, मुळाशी घालायचं, फुलांवर नाही. फांदी वीतभर झाली की शेंडा खुडायचा. पहिल्यांदा खुडताना जिवावर येतं, पण खुडला की बाजूनं फुटवे येतात आणि झाड गच्च भरतं. गळलेली फुलं रोज वेचायची, नाहीतर ती मातीवर सडून देठालाही घेऊन जातात. सकाळी बुद्धवंदना झाली की मी बोळात, मग चहा. यांचा व्यायाम, यांचं ताट, मग पुन्हा बोळ.

श्रावणात बोळ फुलला. खरंच फुलला. गुलाबी, शेंदरी, कुंकवासारखा लाल, एक पांढरा. त्या अंधाऱ्या जागेत फुलं अशी उठून दिसायची की क्लासच्या पोट्ट्यांनी पाकिटं टाकणं बंद केलं. एक पोरगी तर वाकून फोटो काढून गेली. भाद्रपद लागला तशी शेजारीण महालक्ष्म्यांसाठी मागायला आली. तिला म्हटलं, हा तो तेरडा नाही बाई, तरी तिनं हौसेनं दोन फुलं नेली. पौर्णिमेला विहारात मी ओंजळभर नेली. फिजिओवाली मुलगी दारातूनच "अय्या काकू" म्हणाली.

ज्याच्यासाठी मांडलं होतं तो एक माणूस सोडून सगळं राजापेठ पाहून गेलं.

ते दाराकडे पाहत पडायचे. हात सुधारला होता, धरून चार पावलं चालायचेही. पण ताटातला ठेचा तसाच राहायचा आणि "कुठी गेली वं?" ही हाक तशीच. फुलांबद्दल मी सांगायची, ते "हो का" म्हणायचे. मी हनुवटी धरून हळूच वळवली तर वळायचे आणि सोडली की परत दाराकडे. ते सुरुवातीचे महिने संपत आले होते. ती मुलगी आता नुसता व्यायाम घेऊन निघायची, पण मला कळत होतं. मीही आता कधी कधी नकळत उजवीकडे जाऊन बोलायला लागले होते. तिनं सांगितलेली सवय ती हीच. एकदा माझं मलाच लक्षात आलं आणि मी उठून परत डावीकडे जाऊन बसले.

मग दसऱ्याच्या सुमाराला पाण्याची मोठी पाइपलाइन फुटली. नळ बंद. आज येईल, उद्या येईल, असं करत दिवस जायला लागले. वापरायला बोअर होतं, पण पिण्याचं पाणी मोजून मापून. पिंपातलं झाडांचं पाणीही मी स्वयंपाकाला काढलं. बोअरचं झाडांना द्यायचं नाही, हे मी चांगलंच शिकले होते. म्हटलं, आधी माणूस, मग फूल. जीव कठोर केला आणि बोळाकडे पाहणं बंद केलं.

त्यात ऑक्टोबरची गरमी. सावलीतला तेरडा तहानेला झाला की लपवत नाही. दुपारपर्यंत सगळी पानं लोंबतात, देठ मान टाकतात, पाहणाऱ्याला वाटावं संपलं सगळं.

मी खाटेच्या पायथ्याशी उभी राहून वाळलेले कपडे घडी करत होते. ते म्हणाले, "काय वं, त्या झाडाले पानी काहून नाई दिलं?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. पाणी कुठंय? नळाला येऊन राहिलंय का? रात्रंदिवस मी इथं काय करते ते दिसतं का तुम्हाला? एवढं सगळं जिभेवर आलं, आणि मी वर पाहिलं. त्यांची हनुवटी सरळ नव्हती. दाराकडे तर नव्हतीच. ती खिडकीकडे वळलेली होती. थोडीशी, पायथ्याकडच्या पहिल्या कुंडीपुरती. पण कुणी धरून वळवलेली नव्हती.

"कोणत्या झाडाले?" मी विचारलं. 

"त्या गुलाबीवाल्याले. डोये फुटले का तुये? मरून राहिलं ते."

मी माठातला पेला भरून आणला, पिण्याच्या पाण्याचा, आणि त्या कुंडीत ओतला. ते पाहत होते. तासाभरात झाड उभं राहिलं. ते उठेपर्यंत त्यांची नजर तिथून हलली नाही.

श्रावणभर फुललेली रांग त्यांना दिसली नव्हती. पण वलगावच्या वावरात वाढलेला माणूस. मान टाकलेलं झाड पाहून त्यांना राहवलं नाही. मी इतके महिने त्यांना फुलं दाखवत होते. त्यांना काय दाखवायला हवं होतं ते मला कुठं ठाऊक होतं?

नळ आला. पिंप भरलं. आणि मी ठरवून टाकलं. सगळ्या कुंड्यांना पाणी, एकीला नाही. पहिल्या दिवशी पायथ्याकडची. ती त्यांनी पकडली की पुढच्या वेळी तिच्या शेजारची. मग तिच्या शेजारची. एकेक कुंडी उशीकडे, एकेक कुंडी डावीकडे.

सोपं वाटतं, पण नव्हतं. ज्या झाडाला मी मुलासारखं वाढवलं, ते दुपारभर तहानेनं लोंबताना पाहायचं आणि पाण्याचा मग्गा पाठीमागे लपवून बसायचं. कधी ते पाहायचेच नाहीत. मग संध्याकाळी मी घाईघाईनं पाणी घालायची, आणि एक दिवस सोडून पुन्हा तीच कुंडी कोरडी. एक शेंदरी रोप त्यात गेलं. मी त्या रोपाची माफी मागितली आणि पुढची कुंडी कोरडी ठेवली.

आणि बोलणी. त्यांची बोलणी मी अशी कधी ऐकून घेतली नव्हती. "डेपोत बसून बसून अक्कल गहान ठेवली का?" "बस टायमावर सोडाले पाहिजे तसं झाडाले टायमावर पानी पाहिजे, समजते का?" "तुले कोनं सांगतलं हे झाडं लावाले, जमत नाई तर?" मी म्हणायची, "चुकलं. देतो आता." आमच्या लग्नाच्या इतक्या वर्षांत हा शब्द त्यांनी माझ्याकडून ऐकला नव्हता. त्यांना मजा येत असावी, कारण ते आणखी चुका शोधायला लागले. शोधायला मान वळवावी लागत होती. मला तेच हवं होतं.

बहीण आली तेव्हा एक कुंडी अशीच माना टाकून होती. तिनं पाहिलं आणि सरळ मग्गा उचलला. मी तिचं मनगट धरलं.

"सोड. मरून राहिलं ते."

"थांब," मी म्हटलं. "ते बोलतीन."

मला वेड लागल्यासारखं ती माझ्याकडे पाहायला लागली. एवढ्यात खाटेवरून आवाज आला, "अवं, तो लालवाला पाह्य. आजही नाई दिलं का पानी?" मी "चुकलं" म्हणून पाणी दिलं. बहीण माझ्यामागे स्वयंपाकघरात आली आणि पदरानं तोंड दाबून हसली. मग तिचे डोळे भरले. "मायबाई," ती म्हणाली, "तू ऐकून घेऊन राहिली?"

जाताना ती खाटेबद्दल काही बोलली नाही.

त्याच आठवड्यात जेवताना त्यांनी ताटाच्या कडेला बोट फिरवत नेलं आणि बोट ठेच्यात गेलं. त्यांनी बोटाकडे पाहिलं, चाटलं, आणि उरलेली भाकरी खाल्ली. मी आणखी ठेचा वाढला, डावीकडेच. 

आता रांगेत एकच कुंडी उरली होती. उशीजवळची, पांढऱ्या फुलांची, माझ्या स्टुलाला लागून. तिला पाणी द्यायचं थांबवलं आणि मी मांडीवर परात घेऊन स्टुलावर लसूण सोलायला बसले. पहिल्या दिवशी काही झालं नाही. नंतरच्या खेपेला त्यांची नजर निम्म्या रांगेपर्यंत येऊन फिरली. मी तसंच करत राहिले. थंडी पडायला लागली होती, झाडं आता लवकर मान टाकत नव्हती, त्यामुळे मला दोन-दोन दिवस वाट पाहावी लागायची.

एका दुपारी ते जागे झाले. मी लसूण सोलत होते, हलले नाही. त्यांनी पायथ्याकडून सुरुवात केली. आता ती त्यांची सवयच झाली होती, उठल्यावर रांग तपासायची. पहिली ठीक. दुसरी ठीक. नजर एकेक कुंडी घेत वर सरकत होती. मधे अडखळली, थांबली. मला वाटलं, आता परत दाराकडे जाईल. ते कोपरावर थोडे उठले, मान ताणली आणि आणखी पुढं आले.

"हे पाह्य," ते म्हणाले. "हेही मारून टाकलं."

नजर त्या पांढऱ्या झाडावर होती. मग झाडाखालच्या परातीवर आली. परातीतल्या लसणावर. माझ्या हातावर. आणि मग वर, माझ्या तोंडावर. तिथं ती थांबली. कुणी हाक मारली नव्हती, कुणी हनुवटी धरली नव्हती. ते माझ्याकडे पाहत होते. मी परात धरून बसले.

"तू इथी बसून हायस?"

"हो," मी म्हटलं.

"कवापासून?"

"उन्हायापासून. रोज."

ते माझ्याकडे पाहत राहिले. कपाळाला आठी पडली. मला वाटलं, आता झाडाच्या पाण्यावरून आणखी एक ऐकायला मिळणार.

"मंग इतके दिवस बोलली काहून नाई?" ते म्हणाले.